रविवारचा गरम नाश्ता

नमिता ओरडते तेव्हा मी बिनधास्त असतो. ओरडून झालं की ती मोकळी होते आणि मीही. मला धडकी भरते ती तिच्या हळू आवाजानं. त्या रविवारी आमचे चिरंजीव केयूर यांचे मित्र न सांगता नाश्त्याला टपकले. उपम्याची कढई चढली, उतरली, पुन्हा चढली. सगळे हात पुसत निघून गेल्यावर नमिता ओट्याशी उभी राहून कढईच्या कडेला चिकटलेला उपमा चमच्यानं खरवडून खात होती. शेगडीकडे बघत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून रविवारचा नाश्ता मी कधी गरम खाल्लेला नाही."

मी पेपर खाली ठेवला. नवऱ्याच्या हातात अशा वेळी एखादा अपवाद असावा लागतो. मी शोधायला लागलो. दापोलीचं हॉटेल आठवलं, पण तिथे केयूरला भरवता भरवता तिचं घावन गार झालं होतं. मेहुण्याच्या लग्नातला नाश्ता आठवला, पण त्या दिवशी ती कोणाची तरी पैठणी शोधत फिरत होती. एकही अपवाद सापडला नाही. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी घोषणा करतो.

"पुढच्या रविवारी तू गॅस पेटवायचा नाहीस," मी म्हणालो. "आपण बाहेर जाऊ. तुझ्यासमोर गरमागरम नाश्ता येईल. तू खुर्चीत बसून खाशील."

इथे थांबायला हवं होतं. पण घोषणा करताना मला थांबता येत नाही. "इतकंच नाही," मी म्हणालो, "शनिवारी रात्री जेवणं झाली की तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

"आणि सकाळचा चहा?"

"तो मी खालच्या टपरीवरून थर्मासमधून आणीन."

नमिताचा विश्वास बसला नव्हता, पण तो बसावा असं तिला वाटत होतं. आता हे पार पाडणं भाग होतं.

आमच्या सानपाड्यातल्या सोसायटीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती करायचीच नाही, हा एकच मार्ग आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत समोरच्या फ्लॅटमधल्या बंडूला सगळं कळलं होतं. बंडू सोसायटीचा सेक्रेटरी. लिफ्ट बंद असो की कोणाचं बारसं असो, तो त्यात असतोच.

"भाऊ, नाश्ता काय करता, ब्रंच करा," तो म्हणाला. "पाम बीच रोडच्या आतल्या बाजूला 'ऑलमोस्ट नून' म्हणून उघडलंय. एक नंबर. फक्त वेटिंगचं टेन्शन आहे."

'ऑलमोस्ट नून' म्हणजे जवळजवळ दुपार. हे नाव आहे की इशारा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. होस्टेलवर परत गेलेल्या केयूरनंही फोनवर तेच सांगितलं. "बाबा, तिथे लय लाइन असते. तुम्हाला झेपणार नाही." मला हे लागलं. मी बेलापूरला एका महामंडळात वरिष्ठ सहायक आहे. लोकांना थांबवणं हेच माझं काम आहे. एक कागद कमी असला तरी फाइल पुढे सरकत नाही, हे मी रोज चार जणांना समजावून सांगतो. लाइन मला नवीन आहे असं समजणं हा माझ्या नोकरीचा अपमान होता.

तळमजल्याच्या बाकावरचे वामनकाका म्हणाले, "सकाळी उपाशी जा. भूक असली की सगळं गोड लागतं." हा एकच सल्ला मी तंतोतंत पाळला, आणि त्याबद्दल वामनकाकांना मी अजून माफ केलेलं नाही.

शनिवारी रात्री जेवणं झाली. नमिता उठली आणि सवयीनं आत निघाली. "जरा बघून येते, उद्या काय..."

"उद्या काहीही नाही!" मी दारात आडवा हात धरून म्हणालो. दूध मीच तापवलं. ते उतू गेलं तेही मीच पुसलं. गॅसचा खालचा नॉब बंद केला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. नमिता हॉलमध्ये सोफ्यावर अवघडून बसली होती. आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी. पण चेहरा खुलला होता. मोबाइलवर त्या हॉटेलचं मेनूकार्ड उघडून तिनं आपला पदार्थ ठरवूनसुद्धा टाकला. पावावर हिरवी चटणी, चटणीवर अंडं, अंड्यावर पिवळं काहीतरी. "वाफा दिसतायत बघा फोटोत," ती म्हणाली.

सकाळी मी थर्मासमधून चहा आणला. दोघं तो प्यालो आणि सोबत काहीही खाल्लं नाही. निघणार इतक्यात बेल वाजली. दारात बंडूच्या मीनावहिनी वाटी घेऊन उभ्या.

"भावजी, नमिताकडे दाण्याचं कूट असेल ना? आमचं नेमकं संपलं आणि आज..."

"वहिनी," मी त्यांना मध्येच थांबवलं, "आज आमचं स्वयंपाकघर बंद आहे." हे वाक्य मी आठवडाभर कोणाला तरी ऐकवायची वाट बघत होतो. वहिनी वाटी पदराआड घेऊन परत गेल्या. त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

'ऑलमोस्ट नून'च्या बाहेर लग्नाची वरात थांबावी तशी गर्दी होती. मात्र वरातीत कोणीतरी आनंदात असतं. इथे सगळे उपाशी होते आणि चांगले कपडे घालून उपाशी होते. दारात हातात टॅब घेतलेली एक मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर 'जागृती' असं नाव.

"नेम, सर?"

मी आडनावासकट सगळं सांगितलं. तिनं 'हरेश फॉर टू' एवढंच टाकलं. हरेश. राव नाही, साहेब नाही. मला या नावानं फक्त माझी आई हाक मारायची, तीही रागावल्यावर.

"किती वेळ लागेल?"

"सर, सिस्टीम सांगेल."

"सिस्टीम कधी सांगेल?"

"ते सिस्टीमवर आहे, सर."

मला माझ्याच ऑफिसात उभं असल्यासारखं वाटलं. फक्त टेबलाच्या चुकीच्या बाजूला.

बाहेर बसायला थोड्याच खुर्च्या होत्या. त्यातली एक नमिताला मिळाली. मी काचेतून आत बघत राहिलो. आतले लोक खाणं संपवून नुसतेच बसले होते. रिकाम्या कपांशी खेळत होते. माणसं इतकी निर्दय असतात हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरचं एक जोडपं उठलं. खिडकी अर्धी उघडी होती. मी मूळचा साताऱ्याकडचा. एसटी स्टँडात लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे आमच्या हाडात भिनलेलं. विचार करायच्या आत माझा हात आत गेला होता आणि निळ्या चौकटींचा रुमाल टेबलाच्या मधोमध पडला होता.

साताऱ्यात त्या रुमालाला कोणी हात लावला नसता. तिथे त्याला कायद्याची किंमत आहे. इथे एका वेटरनं तो चिमट्यानं उचलला, एका तबकात ठेवला आणि सगळ्या गर्दीतून वाट काढत बाहेर आणला. "हा कोणाचा?" त्यानं विचारलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नमितानं दुसरीकडे बघितलं.

मी रुमाल खिशात घालतोय तोवर कोणीतरी ओरडलं की रस्त्यावरच्या गाड्या उचलायला टोइंगवाले आलेत. माझी गाडी त्या रांगेत पहिली होती. मी धावलो. गाडी काढून दोन गल्ल्या पलीकडे लावली आणि घामाघूम होऊन परत आलो, तर नमिता दाराशी उभी. चेहरा पडलेला.

"आपला नंबर आला होता," ती म्हणाली.

"मग बसायचं ना आत!"

"बसू दिलं नाही. म्हणाल्या, पूर्ण पार्टी हजर पाहिजे."

मी जागृतीपुढे जाऊन उभा राहिलो. "अहो, अर्धी पार्टी इथेच होती ना! ही काय माझ्याशिवाय पळून जाणार होती?"

"सर, पॉलिसी आहे. नाव आता खाली गेलंय."

"किती खाली?"

"शेवटी, सर."

कागद अपुरे म्हणून मी आजवर परत पाठवलेली सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्यांच्यातला एक जण त्या गर्दीत असता तर पोट धरून हसला असता.

नमिता परत बसायला गेली तर तिची खुर्चीही गेली होती. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे ना. घरी जाऊ. मी पटकन पोहे टाकते."

हे तिनं अगदी सहज म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर मी गेलो असतो. पण ती उभी राहून, उपाशीपोटी, मला समजावत होती. मला कोणाला तरी धरून हलवावंसं वाटलं. आणि आमच्यासारखा माणूस सगळे उपाय हरल्यावर जे करतो ते मी केलं. ओळख काढली.

नवी मुंबईत आलो तेव्हा आम्ही सानपाडा गावात धर्मराजशेठच्या इमारतीत भाड्यानं राहायचो. त्याच्या वडिलांची शेतं गेली, त्या जागी शहर आलं, आणि आज अर्ध्या सेक्टरातले दुकानाचे गाळे धर्मराजचे आहेत. मी फोन लावला.

"कोन? हरेश साहेब? काय बोलता! कुठं हाव? त्या अंड्यावाल्याकडं? अवो, आपलाच गाळा हाय तो! तुमी माज्या गाळ्याभायेर लायनीत उभे? मना शरम वाटते. थांबा, आलोच!"

पांढरे कपडे, गळ्यात साखळी, असा धर्मराज आला. मॅनेजर धावत बाहेर आला. गर्दी बाजूला झाली. मी नमिताकडे विजयी मुद्रेनं बघितलं. आत एक मोठं गोल टेबल खास लोकांसाठी राखलेलं होतं, तिकडे आम्हाला नेलं. जागृती टॅब घेऊन मागोमाग आली.

"सर, हे टेबल मिनिमम चार जणांना देतो."

"चार ना? मंग काय टेन्शन?" धर्मराज म्हणाला. "हे दोगं, मी, आनि माजी सखू. झाले चार."

"मॅम आल्यात का, सर? पार्टी पूर्ण झाल्याशिवाय सिस्टीम ऑर्डर घेत नाही."

धर्मराज मॅनेजरवर ओरडला. मॅनेजर जागृतीवर ओरडला. जागृतीनं टॅबवर बोट दाबून दाखवलं. टॅब कोणाचाच भाडेकरू नव्हता. शेवटी धर्मराजनं बायकोला फोन केला. "सखू, तयार होऊन लगेच ये. गाडी पाठवतो." सखूवहिनी जासईला माहेरी गेल्या होत्या. तिकडच्या रस्त्यावर कंटेनरवाल्या ट्रेलरांची लाइन लागली होती. म्हणजे आम्ही आता आतल्या लाइनीत बसून जासईच्या लाइनीची वाट बघत होतो.

शेजारच्या टेबलांवर वाफाळत्या बशा येत होत्या. नमिता त्यांच्याकडे बघायची आणि पाणी प्यायची. धर्मराज मला जमिनीचे भाव सांगत होता. मला ऐकू येत होतं ते फक्त माझं पोट.

शेवटी सखूवहिनी आल्या. जरीची साडी, केसात भरगच्च गजरा, हातात फुलांची परडी. नमितानं आपला पदार्थ सांगितला, बाकी सगळ्यांच्या वतीनं धर्मराजनं न विचारता ऑर्डर दिली, आणि आश्चर्य म्हणजे ती भराभर आली. नमिताचा पदार्थ तिच्यासमोर ठेवला गेला. हुबेहूब फोटोतल्यासारखा. वाफेसकट. ती एकदा माझ्याकडे बघून हसली. इतकं छान ती गेल्या कित्येक वर्षांत हसली नव्हती. तिनं सुरीनं तुकडा कापला, काट्याला लावला आणि तोंडाजवळ नेला.

"मना नको हां," सखूवहिनी आपली बशी सारत म्हणाल्या. "आनि यांना पन अक्कल नाय. मी समजले गनपतीला जायाचं म्हनून बोलावतायत, तर इथं अंडी खायाला? आज चतुर्थी हाय ना माजी."

काटा हवेत थांबला.

"आज संकष्टी?" नमितानं विचारलं. हळू आवाजात.

केयूर लहानपणी आजारी पडला होता, तेव्हापासून नमिता संकष्टी करते. एकदाही चुकलेली नाही. तापात केली, प्रवासात केली. तिनं काटा बशीत ठेवला. तुकडा त्याला तसाच होता.

"अगं, तुला आठवलं कसं नाही?" मी विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यात विचारायला नको होता.

"कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली. "शनिवारी रात्री दूध तापवताना मी उद्याची तिथी बघते."

दारात धरलेला आडवा हात माझाच होता.

"पोटात काय गेलं नाय ना?" सखूवहिनींनी विचारलं.

"चहा फक्त."

"चा चालतो. मंग मोडली नाय. देवानंच मना जासईवरून उशीर केला बघा." म्हणजे सकाळपासून ज्या ज्या गोष्टीला मी शिव्या घातल्या, त्या सगळ्यांनी मिळून माझ्या बायकोचा उपास वाचवला होता. मी एकट्यानं तो मोडायला आणला होता.

मॅनेजर सारखा येऊन विचारत होता की मॅमना काय देऊ. फळं होती, पण त्यांच्यावर भाजलेले ओट्स. ते धान्य, बाद. कसल्याशा बिया होत्या. सब्जा चालतो, पण हा सब्जा नव्हता. पावावरची हिरवी चटणी म्हणजे एक परदेशी फळ निघालं. सखूवहिनींनी ते बोटानं दाबून बघितलं. "मीठ-मिरची लावून खातात ते फळ कसं? नाय चालनार." शेवटी नमितानं निकालासाठी मीनावहिनींना फोन लावला. घाईत तो स्पीकरवर गेला.

"अगं, मी सकाळी तेच तर सांगत होते!" मीनावहिनींचा आवाज चार टेबलांवर पोचला. "उपासाच्या खिचडीसाठी कूट मागायला आले होते! तुझ्या ह्यांनी मला दारातून हाकललं! म्हणे स्वयंपाकघर बंद आहे!"

चारही टेबलांनी माझ्याकडे बघितलं. रुमालवाला मीच, हे त्यांना आधीच माहीत होतं.

धर्मराजला चतुर्थी नव्हती. तो शांतपणे सगळ्या बशा आपल्याकडे ओढत होता. माझ्यासमोर मध घातलेली गरम धिरडी होती. नमिता म्हणाली, "तुम्ही खा ना." ज्या माणसाचं लग्न जुनं झालंय तो या तीन शब्दांनंतर खात नाही. धर्मराजनं माझीही धिरडी खाल्ली आणि म्हणाला, "चांगलं बनवतात हां. तुमी परत या."

आम्ही घरी परतलो. लिफ्टमध्ये माझा मोबाइल वाजला. 'डिअर हरेश, तुमचं टेबल तयार आहे. कृपया संपूर्ण पार्टीसह पाच मिनिटांत या.' मी तो मेसेज नमिताला दाखवला. मला वाटलं होतं ती हसेल.

दार उघडून ती सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. साबुदाणा भिजवलेला नव्हता. रात्री चंद्रोदयाच्या आधी वरण-भात, मोदक, सगळं रांधायचं होतं. ज्या रविवारी तिनं गॅस पेटवायचा नाही असं मी ठरवलं होतं, तो महिन्यातला सर्वात जास्त स्वयंपाकाचा दिवस निघाला होता. मी पुन्हा आडवा हात धरला. या वेळी तो मला स्वतःलाच केविलवाणा वाटला.

"तू बस," मी म्हणालो. "बटाट्याचा कीस चालतो ना? मी करतो."

"बटाटे नाहीयेत."

मी कुटाची वाटी भरली आणि समोरची बेल वाजवली. मीनावहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. "भावजी," त्या म्हणाल्या, "आमचं स्वयंपाकघर उघडं आहे." त्यांनी बटाटे दिले. पण मला दारातच उभं करून, आणि मागून बंडूला हाक मारून बोलावून, बघायला.

बटाटे किसताना एक बोटही किसलं गेलं. नमितानं खुर्ची आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली होती आणि ती तिथे हात बांधून बसली होती. मी लायटर ओढला. पेटेना. पुन्हा ओढला. पुन्हा. ती बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली.

"खालचा नॉब," ती शेवटी म्हणाली. पण उठली नाही.

मी गॅस पेटवला. तूप टाकलं, जिरं टाकलं, मिरची टाकली, आणि ठसक्यानं मला कढई दिसेनाशी झाली. मीठ कुठे, हे विचारलं. झाकण कुठे, हे विचारलं. कीस ढवळायचा की तसाच ठेवायचा, हे विचारेपर्यंत तो खाली लागला होता. तसाच बशीत काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात घातला. चघळत राहिली. मी उभा होतो.

"कसा झालाय?"

"करपलाय," ती म्हणाली. तिनं दुसरा चमचा भरला. त्याच्यावरही फुंकर घातली. तिसऱ्या चमच्याला तिचे डोळे भरून आले, मिरचीनं की कशानं ते मी विचारलं नाही. "पण गरम आहे," ती म्हणाली.

आणखी हवा म्हणून तिनं बशी पुढे केली. मी सगळा चांगला भाग तिला वाढला आणि कढईच्या कडेला चिकटलेला कीस ओट्याशी उभा राहून चमच्यानं खरवडायला लागलो. तोवर तो पार गार झाला होता.